सुभानाचा दम

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. नदीवर पूल नव्हता, शाळा देवळात भरायची आणि कबड्डीला आमच्याकडं हुतूतूच म्हणायचे, तेव्हाची. बसा. मागच्यांनी पुढं सरका, कारण मी मोठ्यानं सांगणार नाही. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाहीच.

आमच्या जांभूळखोऱ्याच्या मैदानावर बाहेरचं कुणी सामना बघायला आलं, की पहिल्या चढाईलाच हसतं. हसण्यासारखंच असतं ते, पुढं कळेल. हसून झालं की विचारतात, हे काय हो? मग आमची माणसं सुभानाबाबाची आख्यायिका सांगतात. छान सांगतात, अंगावर काटा येईल अशी. त्यांच्या गोष्टीत सुभानाबाबा असतो, त्याचा दम असतो, चमत्कार असतात. फक्त आम्ही नसतो. मी सांगतो तिच्यात आम्ही आहोत, म्हणून ती लोकांना तितकीशी आवडत नाही.

तर नदीच्या अलीकडं जांभूळखोरे, पलीकडं दहिगव्हाण. दोन्ही गावांची जानाई एक, जत्रा एक, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांचा हुतूतूचा सामना. आमच्या काठाला गाळाची मऊ जमीन होती, तेच आजचं मैदान. सात गडी इकडचे, सात तिकडचे, मध्ये रेघ. चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘हुतूतू’ म्हणत पलीकडं जायचं, हात लावून गडी मारायचे आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेवर परत यायचं. पलीकडच्यांनी त्याला धरून ठेवायचं. धरलं आणि दम तुटला की तो बाद. शेवटच्या रेघेबाहेर पाय गेला तरी बाद. जिंकेल त्या गावाला तांब्याचा हंडा, वर्षभर मिरवायला.

तो हंडा अकरा वर्षं दहिगव्हाणला होता. अकरा वर्षं! सोयरिकीच्या बोलणीत दहिगव्हाणकर मुद्दाम विचारायचे, “मुलगा हुतूतू खेळतो का, का नुसताच श्वास घेतो?” आमची माणसं चहा अर्धा टाकून उठायची. तेव्हा आम्हाला वाटायचं, हीच लाज. याहून मोठी लाज असते हे अजून कळायचं होतं.

दहिगव्हाणला हैबती नावाचा गडी होता. त्यानं घोटा धरला की सुटका नाही. असं म्हणतात, की पुरात वाहून चाललेला रेडा त्यानं एका हातानं शेपटीला धरून काठावर आणला होता. रेड्याला कुणी विचारलं नाही, पण आमच्या गड्यांची घोट्याची हाडं साक्ष द्यायची. आमच्या संघाचा म्होरक्या दौलती. उंचापुरा, मिशाळ, डोक्यानं तेज. पाच जत्रा हैबतीच्या मुठीत त्याचा दम तुटला होता, आणि हंडा आणल्याशिवाय मरायचं नाही असं तो येताजाता बोलून दाखवायचा.

आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत सुभाना राहायचा. आई धुरपा आणि तो, दोघंच. तेव्हा त्याला सुभाना कोण म्हणतंय? गावात तो सुभान्या. पुढं ‘बाबा’ लागलं, ते तो ऐकायला नसताना.

गावात कुणाच्या घरी माणूस गेलं, की गावोगावच्या नातलगांना सांगावा पोचवायचं काम सुभानाच्या घराकडं. इकडं मयत झाकून ठेवलेली असायची आणि तिकडं सुभाना खिंड चढत असायचा. परत आला की अंगणाबाहेर चार पावलांवर उभा राहून निरोप सांगायचा आणि वरून टाकलेली भाकरी ओंजळीत झेलायचा. त्या खिंडीनं त्याला दम दिला. पायथ्याला ‘हुतूतू’ सुरू करायचा, तो माथ्यावरच्या वडापाशी सोडायचा. असं म्हणतात, की वाटेवरचा पाचोळा त्याच्या दमानं त्याच्यापुढं पळायचा. असं म्हणतात, की एकदा त्यानं दम धरला तेव्हा धुरपानं पहिली भाकरी तव्यावर टाकली होती, आणि सोडला तेव्हा सातवी दुरडीत पडली होती. भाकऱ्या मोजल्या कुणी ते मला माहीत नाही. पण दम मोठा होता, हे नक्की.

वस्तीतली माणसं दिवस मावळताना नदीच्या वाळूत खेळायची. तिथं सुभानाला धरून ठेवेल असा कुणी नव्हता, आणि त्याचंच त्याला दुःख होतं. त्याच्या मनात एकच होतं: हैबतीनं आपला घोटा एकदा धरावा, अगदी जीव लावून धरावा, आणि आपण त्या पकडीतून सुटून रेघेवर यावं. हंड्याबिंड्याचं त्याला काही नव्हतं. खेळणारे असाल तर तुम्हाला हे समजेल. धरणारा तोलाचा नसेल, तर सुटण्यात काय मजा?

एकदा दौलती काठावरून चालला होता. त्यानं वाळूतला खेळ पाहिला आणि तिथंच थबकला. दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या चिंचेखाली त्यानं आपले सहा गडी बोलावले.

“औंदा आपल्यातल्या एकानं भाईर बसायचं आन् सुभान्याला खेळवायचा,” तो म्हणाला.

मग एक जण म्हणाला, “याड लागलं का काय, दौलती? त्याला आपण शिवायचं?”

“आपण कशाला शिवतोय? त्यो चढाईला जानार एकटा, येनार एकटा. धरायचं काम त्येंचं हाय.” दौलती मिशीत हसला. “आन् सांगा बरं, दहिगव्हाणातला कोण धरंल त्याला? त्यो अंगावर आला की पळत्याल. पळाले की रेघंभाईर. रेघंभाईर गेले की बाद.”

क्षणभर कुणाच्या डोक्यात उतरलं नाही. उतरलं तेव्हा सगळे असे हसले, की काय झालं म्हणून गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला.

हा दौलती म्हणजे माझ्या आजोबांचा बाप. आता कळलं ना, मी आवाज का चढवत नाही? आणि हसणारे बाकीचे सहा कोण, तेही मला ठाऊक आहे. त्यांची नावं तुमच्या नातवंडांना ठेवलेली आहेत, म्हणून इथं घेत नाही.

युक्ती नामी होती, यात शंका नाही. सुभानाच्या दमाकडं, त्याच्या पायांतल्या चपळाईकडं दौलतीनं नीट पाहिलंही नव्हतं. ज्या विटाळापायी आम्ही त्याला चार पावलं लांब उभं करायचो, तो विटाळ आम्ही आमच्या बाजूनं मैदानात उतरवला. असं दुसऱ्या कुठल्या गावाला सुचलं असतं का, मला माहीत नाही. आम्हाला सुचलं. आणि आम्ही हसलो.

दौलती वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, “सुभाना!” सुभान्या नव्हे, सुभाना. “गावाला तुझ्या दमाची गरज हाय. जत्रंला आमच्याकडनं खेळशील का?”

एवढ्या दमाचा माणूस, पण त्याचा श्वास अडकला. मग म्हणाला, “दादा, सरावाला कवा येऊ?”

“तुला कशाला रं सराव? तुझा दम तयारच हाय,” असं म्हणून दौलती घाईनं माघारी फिरला.

आमचे गडी कमरेला तांबडा पट्टा बांधून खेळायचे. सुभानाला पट्टा कुणी पाठवला नाही. धुरपानं आपल्या एकुलत्या एका धड लुगड्याचा पदर फाडून त्याला पट्टा शिवला. शिवताना तिनं विचारलं, “पोरा, धरतील का रं तुला ती?”

“न धरून जातील कुठं, आये?” सुभाना म्हणाला. “खेळच धरायचा हाय.”

धुरपानं टाका घट्ट ओढला. ती गाव ओळखून होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदानाच्या दोन्ही अंगांना माणूस मावेना. वस्तीतली माणसं लांब करंजाच्या झाडाखाली उभी, तिथून दिसत होतं ते निम्मं. पंच होते तालुक्याहून आलेले एक मास्तर. चष्मा, शिट्टी आणि नियमांचं पुस्तक, एवढाच त्यांचा संसार. सुभाना पट्टा बांधून उतरला तसा दहिगव्हाणकरांनी गलका केला. मास्तरांनी शांतपणे पुस्तक चाळलं आणि म्हणाले, “गडी त्या गावचा असावा, एवढंच लिहिलंय. हा तुमच्या गावचा आहे का?”

“आमच्याच गावचा,” दौलती छातीवर हात ठेवून म्हणाला. सुभानाबद्दल हे शब्द आमच्यातल्या कुणी उच्चारायची ती पहिलीच वेळ.

मैदानाच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात चुन्याचा एक गोल काढला होता. सुभानाला सांगितलं होतं, चढाई नसेल तेव्हा त्या गोलात उभं राहायचं. त्याला वाटलं, ही खेळातलीच काही नवी चाल असेल.

पहिली चढाई. ‘हुतूतूतूतू’ करत सुभाना रेघ ओलांडून गेला तो सरळ हैबतीकडं. आणि काय झालं? सातच्या सात गडी उधळले. शेवटची रेघ तुडवत, एकमेकांना ढकलत बाहेर गेले. कुणाला हात लागला नाही, कुणी हात लावला नाही, आणि एका चढाईत लोण! आमच्या बाजूनं टोप्या उडाल्या. अकरा वर्षांची तहान होती ती.

सुभाना परत आला तेव्हा हसत होता. आपला दम बघून ते भ्याले, असं त्याला वाटलं. माणूस आहे, वाटणारच. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्यानं मुद्दाम पाय रेंगाळवला, वळायला उशीर केला, पाठ दिली. कुणी जवळ येईना. तो परतला की आमचे गडी हात उंचावून नाचायचे आणि नाचता नाचताच त्याला वाट द्यायला बाजूला व्हायचे. त्याच्या पाठीवर एक थाप पडली नाही. चौथ्या वेळी तो गोलात जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ पायाखालच्या चुन्याकडं बघत राहिला.

मग त्यानं दौलतीला हाक मारली. “दादा, मला कुनीच धरंना.”

दौलती हसत हसत म्हणाला, “धरनार न्हाईतच. म्हणून तर तुला आणला.”

आपण काही वावगं बोललो असं दौलतीला वाटलंसुद्धा नाही. जिंकण्याच्या आनंदात सहज बोलून गेला. सगळ्या गोष्टीत मला हेच सगळ्यात जास्त लागतं.

ऊन कलतं झालं. सामना आमच्या खिशातच होता. मास्तर म्हणाले, “शेवटची चढाई.” ती करायची काही गरज नव्हती; दौलतीनं हातानं राहू दे म्हणून खूण केली. पण सुभाना निघाला. त्यानं खिंडीच्या पायथ्याला घ्यायचा तसा खोल श्वास घेतला आणि ‘हुतूतू’ म्हणत रेघ ओलांडली. यावेळी तो धावला नाही, चालत गेला. सहा जण बाहेर पळाले. हैबती मात्र मागं सरता सरता काठावर थांबला. पळून पळून त्यालाही आता शरम वाटायला लागली असावी, कारण तो गडी खरा होता.

सुभाना त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपला उजवा पाय पुढं केला. घोटा अगदी हैबतीच्या हाताशी.

‘धर’ असं त्याला म्हणता येत नव्हतं. दुसरा शब्द तोंडातून गेला असता तर दम तुटला असता. म्हणून तो नुसता हैबतीच्या डोळ्यांत बघत ‘हुतूतू हुतूतू’ म्हणत राहिला. जन्मभराचं मागणं त्याला त्या एकाच शब्दात मागावं लागलं.

हैबती गुडघ्यावर बसला. त्याचा हात सवयीनं पुढं आला. असं म्हणतात, की बोटं आणि घोटा यांत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर उरलं होतं. तेवढ्यात गर्दीतून त्याचा चुलता ओरडला, “हैबती! हात लावलास तर घराची पायरी चढायची न्हाई!”

हात थांबला. हैबतीनं तो माघारी घेतला आणि दुसऱ्या हातानं आपलं मनगट धरून ठेवलं. रेडा ओढून आणणारा तो हात त्याला स्वतःलाच आवरत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

सुभानाचा दम चालूच होता. असं म्हणतात, की करंजावर उतरलेले पक्षी ओरडायचे थांबले. असं म्हणतात, की सूर्य खिंडीच्या माथ्यावर अडून राहिला आणि नदीनं आवाज खाली केला. मला त्यातलं एवढंच खरं वाटतं, की हसणं थांबलं.

मग सुभानानं पाय मागं घेतला, हैबतीच्या बाजूनं पुढं गेला आणि चालू लागला. मागं वळलाच नाही. गर्दी दुभंगली. अडवायचं म्हटलं तर अंगाला हात लावावा लागणार, मग अडवणार कोण? तो खिंडीच्या वाटेला लागला. ‘हुतूतू’ ऐकू येत होतं. माथ्यावरच्या वडापाशी तो दिसेनासा झाला, तरी ऐकू येत होतं.

दहिगव्हाणकर ओरडले, “रेघंभाईर गेला, बाद द्या!” मास्तर शेवटची रेघ बघायला गेले. तिथं रेघ नव्हती. दिवसभर पळणाऱ्या पायांनी ती कधीच पुसून टाकली होती. मास्तर वाकून शोधत राहिले, मग ताठ उभे राहून म्हणाले, “रेघच नाही, तर बाद कसा देऊ? दम तुटलेला मी ऐकला नाही. चढाई चालू आहे.” त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं, वही मिटली आणि कुणाच्या घरचं पाणीही न घेता नावेत जाऊन बसले.

निकाल लागला नव्हता. तरी हंडा आम्ही उचलला. हलगी लावली, गुलाल उधळला आणि हंडा वाजतगाजत वेशीच्या आत आणला. त्या मिरवणुकीत एकानंही मागं वळून खिंडीकडं बघितलं नाही. हे कुणी म्हणत नाही. म्हणून मी म्हणतो.

सकाळी धुरपा दौलतीच्या अंगणाबाहेर येऊन उभी राहिली. चार पावलांवर.

“दादा, माझा ल्योक कुठाय?”

“यील गं धुरपे. जाऊन जाऊन जातोय कुठं?”

“त्याला कुनी धरलं का?”

दौलतीनं न्याहारीचं ताट पुढं ओढलं.

“एकानंबी?”

दौलती उठून घरात गेला. त्याची न्याहारी तशीच राहिली, असं आजोबा सांगायचे.

गावोगावच्या नातलगांना कळवायला हवं होतं, की सुभाना गेला, कुठं दिसला तर सांगा. पण सांगावा नेणारा तर तोच होता. त्याचा सांगावा न्यायला आमच्यातलं कुणी खिंड चढलं नाही. धुरपा मैदानावर गेली आणि मधल्या रेघेपाशी बसली. रोज सकाळी ती चुलीतली राख आणायची आणि पुसट झालेली रेघ पुन्हा ओढायची. पावसात वाहून गेली की पुन्हा. कुणी हटकलं तर म्हणायची, “दम घेऊन आला तर त्याला रेघ दिसाय पायजे.”

आणि हंडा? असं म्हणतात, की तो घरात ठेवला की वारा नसतानाही गुंजायचा. आधी बारीक, मग मोठ्यानं, हुतूतू हुतूतू. दौलतीनं तो दुसऱ्याच्या घरी दिला, त्यानं तिसऱ्याच्या. वर्षभर मिरवायचा हंडा वर्षभर या दारातून त्या दारात फिरला. शेवटी देवळाच्या ओवरीत पालथा घालून वर दगड ठेवला, तरी त्या दगडाखाली गुंजत राहिला. पुढच्या जत्रेला आमचे गडी चढाईला गेले, तर रेघ ओलांडताच दम तुटायचा. एकाचा नाही, साऱ्यांचा. तोंड उघडायचं, आवाज फुटायचा नाही. गावानं देवर्षी आणला, उतारा टाकला, नारळ फोडले. शाप आहे म्हणाले. मला विचाराल तर शापबीप काही नव्हता. लाज वाटत असली की माणसाला मोठा श्वास घेता येत नाही.

अशी सात वर्षं गेली. संघ मोडला. मैदानावर गवत वाढलं, फक्त मधे राखेची एक रेघ. आठव्या वर्षी दौलती हंडा डोक्यावर घेऊन मैदानात गेला. धुरपा बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली.

“मावशी,” दौलती म्हणाला, “ह्यो तुझ्या लेकाचा हंडा. घे.”

“हंडा काय करू? त्याला धरा.”

“कुठनं धरू? त्यो हाय का इथं?”

“जो यील त्याला धरा,” धुरपा म्हणाली. “पलीकडनं जो पयला यील त्याला. तो कोन, कुनाचा, इचारू नगा. सातांनी धरा. आन् मग सोडा, जाऊ दे त्याला रेघंवर.”

ही बातमी नदी ओलांडून गेली. आणि दहिगव्हाणहून एकटा हैबती आला. घरची पायरी सोडून आला होता, असं म्हणतात. तो म्हणाला, “मी तुमच्या बाजूनं धरायला उभा ऱ्हातो.” वस्तीतून सुभानाचा मावसभाऊ रायबा चढाईला आला. सात जण उभे राहिले, हैबती आणि आमचे सहा. रायबानं ‘हुतूतू’ म्हणत रेघ ओलांडली. आमचे सहा जागचे हलेनात. हैबती पुढं झाला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं रायबाचा घोटा धरला. दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. मग एक एक करून बाकीचे आले.

रेघेपाशी बसून धुरपानं विचारलं, “धरलं का रं?”

“धरलं, आये,” हैबती रडत म्हणाला.

“आता सोडा.”

त्यांनी सोडलं. रायबा दम न तुटता रेघेवर आला. धुरपानं त्याच्या घोट्यावरून हात फिरवला, उठली, आणि सात वर्षांनी घरी गेली. असं म्हणतात, की त्या दिवशी हंडा गुंजायचा थांबला.

आमच्या घरात सांगतात, की सहांत सर्वांत आधी दौलतीनं हात लावला. वस्तीत सांगतात, तो सर्वांत शेवटी गेला. वस्तीतलं खरं आहे. आणि अजून एक आहे, ते कुणीच म्हणत नाही, कारण ते फक्त आजोबांनी पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येण्याआधी दौलती नदीवर गेला आणि त्यानं आंघोळ केली. अंगावरच्या कपड्यांसकट. आजोबा लहान होते, काठावरून बघत होते. त्यांनी ते जन्मभर पोटात ठेवलं, माझ्या वडिलांनाही सांगितलं नाही, आणि जाता जाता माझ्या गळ्यात टाकून गेले. मी ते आज तुमच्यापुढं टाकतोय.

तर आजही जांभूळखोऱ्याच्या मैदानावर असंच होतं. मंडळाचं नाव सुभानाबाबा क्रीडा मंडळ. मॅट आली, तीस सेकंदांची चढाई आली, पण सामन्याआधी पंच विचारतात, “सुभाना परतला का?” आणि आमच्या कप्तानानं म्हणायचं, “अजून नाही.” मग पाहुण्या संघाचा एक गडी चढाईला येतो. आमचे सातही जण त्याला धरतात, घट्ट, मायेनं धरल्यासारखं. गुण कुणाला नाही. मग सोडतात, तो रेघेवर जातो, आणि खेळ सुरू होतो. बाहेरची माणसं हसतात ती इथं. मॅटवर रेघा आखलेल्याच असतात, तरी शेवटची रेघ दर सामन्याला आमच्या घरातल्या माणसानं वाकून काढायची, असाही रिवाज आहे. दौलतीनंच तो लावून घेतला. अलीकडं मी काढतो, चुन्याच्या फक्कीनं. गुडघे दुखतात, पण काढतो.

गेल्या जत्रेची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी रेघ काढत होतो. आमचा कप्तान, माझा सख्खा नातू, शिकलेला, गोड स्वभावाचा पोरगा, पाहुण्या संघाच्या गड्याशी गप्पा मारत होता. पहिल्या चढाईला तोच गडी येणार होता. माझ्या नातवानं हसत हसत विचारलं, “आणि आडनाव काय म्हणालास?” त्या गड्यानं आडनाव सांगितलं. नातू “अच्छा, अच्छा” म्हणाला. बस, एवढंच. एक पाऊल मागंही सरकला, बहुतेक नकळत. माझ्या हातातली फक्की तिथंच सांडली.

पंचांनी विचारलं, “सुभाना परतला का?”

“अजून नाही,” नातू खणखणीत म्हणाला.

इतकं खरं उत्तर मी त्या मैदानावर कधी ऐकलं नव्हतं.

तो गडी ‘कबड्डी कबड्डी’ करत आला. आमची पोरं पुढं झाली, पण मी जरा घाईतच मध्ये शिरलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा मैदानात बघून सगळे हसले, हसू द्या. मी खाली बसलो आणि त्याचा घोटा धरला, दोन्ही हातांनी. पोरगा घामानं भिजलेला होता. त्याचा दम माझ्या कानाशी चालू होता. माझ्या नातवाकडं मी वर बघितलं आणि म्हणालो, “धर.” मला बोलता येत होतं, दम माझा नव्हता. त्याची मान खाली गेली, आणि त्यानं येऊन दुसरा घोटा धरला.

घरी आलो तेव्हा सूनबाई न्हाणीत गरम पाणी काढून उभी होती. मामंजी, सगळं अंग मळलंय, म्हणाली. मी तसाच पाटावर बसलो आणि तिला म्हटलं, वाढ.